तेल प्यालेलं चामडं

“आधी पाय घाल, हेटी! डोकं नंतर!” क्लेम कुजबुजला.

“तू नको शिकवूस! मघाशी तुझंच बूड अडकलं होतं!”

थॉर्लींच्या गाडीखान्याची मागची एक फळी सुटलेली होती. त्या फटीतून तेरा वर्षांची हेटी आर्मिटेज आत शिरली. क्लेम हेग आणि त्याची धाकटी बहीण डोरा आधीच आत पोचली होती. जत्रेचा आठवडा होता. हॉल्मक्रॉफ्टच्या सगळ्या लोकरीच्या गिरण्या बंद आणि शाळेलाही सुट्टी. एरवी ही तिघं आत्ता ओढ्यावर असती. पण हेटीला आज ती बस पाहायचीच होती.

बस समोर उभी होती. हिरवी, उघड्या टपाची. गेल्या शनिवारी हेटीचे बाबा हीच बस घेऊन स्टूपचा चढ चढत होते. मागे बावीस माणसं गाणी म्हणत होती. अर्ध्या चढावर इंजिन किंचाळायला लागलं आणि बस मात्र थांबली! मग मागे घसरू लागली. ब्रेकनं दाद दिली नाही. बाबांनी उडी टाकली आणि चाकाखाली दगड सारला. बस थांबली. बावीसच्या बावीस माणसं वाचली. बाबांचा डावा पाय मात्र चाकाखाली सापडला. सोमवारी डॉक्टरांनी तो गुडघ्यावरून कापला.

आणि मंगळवारी बसचे मालक मिस्टर थॉर्ली गावभर सांगत सुटले, “आर्मिटेज प्यायलेला होता!”

गावानं ते खरं मानलं. मिसेस बोमंट तर हेटीच्या आईला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. शनिवारी त्या त्याच बसमध्ये बसल्या होत्या!

“बाबा गाडीवर असताना थेंबालाही शिवत नाहीत,” हेटी दातओठ खात म्हणाली. “चल, फळ्या उचल!”

ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळ्या दोघांनी मिळून उचलल्या. आत लोखंडी वाडग्यासारखा खळगा होता आणि त्यात चामडं गुंडाळलेला शंकू.

“हाच क्लच,” हेटी म्हणाली. “वाडगा इंजिनाबरोबर फिरतो. स्प्रिंग हा शंकू त्यात दाबून धरते. चामडं वाडग्याला घट्ट धरतं, म्हणून चाकं फिरतात. पॅडल दाबलं की शंकू बाहेर येतो. मग इंजिन फिरलं तरी चाकं मोकळी.”

“आणि चामड्यानं धरलंच नाही तर?” क्लेमनं विचारलं.

हेटीनं चामड्यावर बोट फिरवलं. बोट काळंभोर झालं. चामडं तेलानं निथळत होतं! आणि त्याच्या कडेला राखाडी चिखलाचा थर चिकटला होता.

डोरानं तो चिमटीत धरून चोळला. तिचा चेहरा पांढरा पडला.

“ही तर मुलतानी माती. आपल्या गिरणीत लोकरीचं तेल शोषायला वापरतात ती.” तिनं बोटं झग्याला पुसली. “मीच आणून दिली होती. शनिवारी सकाळी. मिस्टर थॉर्ली म्हणाले, पितळ घासायचंय. मला टॉफीसुद्धा दिली...”



“तेल शोषायला टाकली त्यांनी!” हेटी म्हणाली. “दोन-तीन चढ निभले असतील. मग तेल पुन्हा पाझरलं. त्यांना सगळं माहीत होतं!”

दाराची कडी वाजली. तिघांनी फळ्या कशाबशा बसवल्या आणि मागच्या बाकाखाली दडी मारली.

“आजच नवं चामडं चढव, सग्डन,” थॉर्लींचा आवाज आला. “आणि जुनं जाळून टाक. उद्या तपासनीस येतोय.”

संध्याकाळी क्लेम सग्डन लोहाराच्या दारात हजर!

“मिस्टर सग्डन, जत्रेच्या शेकोटीला काही टाकाऊ द्या ना! मिस्टर थॉर्लींचं जुनं-बिनं काही असलं तरी चालेल!”

“हे जुनं चामडं ने बाबा, ने! तेवढंच माझं काम वाचलं!”

दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी शाळेचा हॉल गच्च भरला. “चामडं नवं कोरं होतं, साहेब!” थॉर्ली तपासनिसांना सांगत होते. “आर्मिटेज प्यायला आणि पॅडलवर पाय ठेवून पेंगला. घासून घासून चामडं जाळलं त्यानं!”

“प्यायलं होतं ते चामडं!” हेटी ओरडत उठली. “तेल प्यायलं होतं!”

“ए पोरी, खाली बस!”

“नाही बसणार!” तिनं चामडं टेबलावर आपटलं. चहाच्या टेबलावरचे दोन वाडगे उचलले, एकात एक दाबले. खालचा फिरवला, तसा वरचाही फिरला. मग वरच्याला बाहेरून लोणी फासलं. आता खालचा गरगर फिरला आणि वरचा जागचा हलेना!

तपासनिसांनी चामडं वाकवलं. बोटांवर तेल आलं. “हे जळलेलं नाही,” ते सावकाश म्हणाले. “आणि ही माती?”

“आर्मिटेजनंच टाकली असेल!” थॉर्ली म्हणाले.

डोरा रडत रडतच उभी राहिली. “मी आणली. तुम्ही सांगितलंत म्हणून!”

सग्डन मान खाली घालून पुटपुटला, “आणि मला म्हणाले, जुनं जाळून टाक.”

थॉर्लींचा परवाना तिथल्या तिथे गेला. हेडमास्तरांनी तिघांची नावं घेऊन “शाब्बास!” म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मिसेस बोमंटनी हेटीला कवटाळलं. “मला ठाऊकच होतं गं, तुझे बाबा तसे नाहीत!”

“मग मंगळवारी का नाही बोललात?” हेटीनं विचारलं आणि त्यांचे हात बाजूला केले.

घरी तिनं सगळं सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं.

“दोनदा सांगितलं होतं मी थॉर्लीला, चामडं बदल म्हणून,” एवढंच ते म्हणाले. “डोराला रागावू नका. तिचा काय दोष?”

शनिवारी हिरवी बस पुन्हा निघाली. गिरणीच्या मालकानं ती विकत घेतली होती, ड्रायव्हर नवा होता. हेटीनं बाबांच्या खाटेजवळची खिडकी लावायला हात पुढे केला.

“राहू दे,” बाबा म्हणाले.

बस स्टूपच्या चढाला लागली. इंजिन धापा टाकत होतं, पण एकदाही किंचाळलं नाही. वळणावर गिअर बदलल्याचा आवाज आला. बसमधली माणसं गात होती. मग आवाज टेकडीपलीकडे गेला.

“छान धरतोय क्लच,” बाबा म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.