ताईची बाजू

आईने ताईला मानगुटीला धरून घराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं!

पण ते झालंच नाही, असं आपण धरून चालू. बाबांची हीच पद्धत होती. घरात काही अघटित घडलं की ते चष्मा पुसत म्हणायचे, "काही झालेलं नाही. सगळं ठीक आहे." एका सकाळी ताई अंथरुणात मांजर होऊन उठली, करडी, पोटाशी पांढरी, रीतसर शेपटीसकट, तेव्हाही बाबांनी तिला उजेडात नेलं, तिचे दोन्ही डोळे तपासले आणि जाहीर केलं, "पोरीचा नंबर गेलाय! आता चष्मा नको." बाबा चष्म्याच्या दुकानात कारागीर होते. लोकांच्या जाडजूड काचा पातळ करून देण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती, त्यामुळे कशातूनही पलीकडचं चांगलं पाहायची त्यांना सवय होती.

ती मांजर का झाली, हे कुणालाच कळलं नाही. पंधराव्या वर्षी शरीरात पुष्कळ बदल होतात, असं शाळेत सांगितलं होतं. त्यात हा नव्हता. वर्गशिक्षिका फोनवर म्हणाल्या, "हजेरीचं मी बघते हो, पण परीक्षेला तिला यावंच लागेल." आईने खुंटीवरच्या गणवेशाकडे पाहिलं. पोरीची उंची वाढेल म्हणून तिने खाली दोन बोटं कापड दुमडून ठेवलं होतं... ती शिलाई मशीनवर जाऊन बसली आणि दोरा न ओवलेली सुई कितीतरी वेळ चालवत राहिली.

खरा प्रश्न धाकट्याचा होता. त्याला दमा. श्वास घेताना त्याच्या छातीत बारीक शीळ वाजायची, म्हणून ताईनेच त्याचं नाव ठेवलं होतं: शिट्टी. शेजारची मांजर एकदा कुरवाळली तर त्याला दवाखान्यात न्यावं लागलं होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, "या घरात मांजर चालणार नाही."

"पण ही मांजर कुठाय?" बाबा म्हणाले. "ही ताई आहे."

"हो ना!" शिट्टी म्हणाला. "आणि मला काहीही होत नाहीये. उलट बरंच वाटतंय. आता ही माझा गृहपाठ तपासत नाही."

"खरं सांग," आई म्हणाली.

"आईशप्पथ!"

"माझी शपथ माझ्याच तोंडावर घेतोस, मेल्या?"

शिट्टी खोटं बोलत होता. छाती भरून आली की तो बाथरूममध्ये जायचा, नळ मोठा सोडायचा आणि बादलीमागे लपवलेला दम्याचा पंप तोंडाला लावायचा. आईला वाटायचं, पोरगा हल्ली हातपाय धुवायला लागला, वळण लागतंय! ते ऐकू यायचं फक्त ताईला. भिंतीआडून, पाण्याच्या आवाजाआडून, आपल्या नव्या, निर्दयी, तीक्ष्ण कानांनी तिला आपल्या भावाची शीळ ऐकू यायची, आणि तिच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं... कुणाला सांगायचं? काय सांगायचं? तिच्याजवळ आता एकच शब्द उरला होता, आणि घरातल्या सगळ्यांना त्याचा अर्थ "भूक लागली" असाच लागत होता.

ती चपलांच्या कपाटात जाऊन बसू लागली. शिट्टी तिला तिथून ओढून काढायचा. "रुसलीस होय गं, ताई? चल, कट्ट्यावर."

खिडकीच्या आतला रुंद कट्टा हे दोघांचं जुनं रणांगण. कोण पाय पसरून बसणार यावरून इतकी जुंपायची, की बाबांनी शेवटी मधोमध खडूची रेघ मारून दिली होती. शिट्टीने आता आपल्या हाताने ती रेघ पुसून टाकली. "सगळा तुझा," म्हणाला, आणि तिच्या पाठीत तोंड खुपसून झोपी गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिला जागा दिली होती, आणि नेमकी तीच तिला घेता येत नव्हती!

त्या दुपारी ताईने ठरवलं, आईला कळलंच पाहिजे. तो झोपलेला असताना ती बाथरूममध्ये गेली, बादलीमागचा पंप दातांत धरला आणि मशीनकडे निघाली. आईसमोर ठेवायचा, बस्स. पुढचं आई ओळखेल.

पण शिट्टीला जाग आली. श्वास अडकलेला. तो धडपडत बाथरूममध्ये गेला, बादलीमागे चाचपलं... तिथे काहीच नव्हतं! तो कोसळला तसा आईने वळून पाहिलं. बाथरूमच्या दारात पोरगा निळा पडलेला, आणि मांजरीच्या तोंडात पंप!

"अगं वैरिणी! भावाच्या जिवावर उठलीस?"

पुढे काय झालं ते सुरुवातीलाच सांगून झालंय, आणि ते झालंच नाही असंही ठरलंय. जिन्यात अंधार होता. दाराच्या फटीशी कान लावून ताई ऐकत बसली. शीळ... शीळ... मग हळूहळू विरळ होत गेलेली शीळ. मग शिट्टीचा तुटक आवाज, "तिने नाही गं आई... मीच लपवला होता. तुम्ही तिला बाहेर काढाल म्हणून..."

दार धाडकन उघडलं. आई उंबऱ्यातच खाली बसली. "ये गं माझ्या राणी! चुकलं माझं... ये ना आत!"

दार सताड उघडं होतं. आईचे दोन्ही हात पसरलेले होते. ताईने त्या हातांकडे पाहिलं, त्यांच्यामागे भिंतीला टेकून बसलेल्या शिट्टीकडे पाहिलं, आणि ती आत आली नाही. जिन्याच्या झरोक्यातून ती सज्ज्यावर उतरली, चालत चालत आपल्या घराच्या खिडकीपाशी पोचली आणि काचेच्या बाहेर बसली. पाय पसरून.

आईने खिडकी उघडायला हात उचलला... आणि तो तसाच खाली घेतला. तिला कळलं. आई होती ती.

आता मशीन खिडकीशी हलवलंय. त्या गणवेशाची दुमडलेली दोन बोटं आईने उसवली आणि सगळ्याचं मिळून सज्ज्यासाठी एक गुबगुबीत अंथरूण शिवलं. शिट्टी आतून काचेला वही लावून गृहपाठ दाखवतो. चुकला की बाहेरून पंजा आपटतो.

"तू तिकडे, मी इकडे," तो म्हणतो. "आता भांडण नाही." आणि पाठ काचेला टेकवून बसतो. पलीकडून ती टेकते. काच गार असते.

बाबांनी ती काच बोटांनी दाबून पाहिली, टिचकी मारून पाहिली. "ही माझ्या हातची नाही," म्हणाले, आणि इमारतीच्या व्यवस्थापकाला त्यांनी रीतसर अर्ज दिला:

"विषय: खिडकीच्या काचेबाबत. महोदय, आमच्या दोन मुलांच्या मध्ये बसवलेली काच गरजेपेक्षा जाड असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी केस आत येणार नाहीत, परंतु ऊब येईल, इतपत ती पातळ करून मिळावी, ही नम्र विनंती."