शेवटच्या खाटेपलीकडे

उभ्या आयुष्यात तिनं एकाच आर्किटेक्टला झापलं, आणि तेही तो आर्किटेक्ट आहे हे माहीत नसताना. जुन्या बालगृहाची ती नवी अधीक्षिका, मुलांची ताई. दुरुस्ती कुठवर आली ते बघायला झोपायच्या लांबलचक दालनात शिरली, तर शेवटच्या कोपऱ्यात एक इसम फरशीवर खुशाल आडवा. कामाच्या वेळी झोपा काढायला लाज कशी वाटत नाही, असं तिनं खडसावून विचारलं.

तो धूळ झटकत उठला. "वाटते ना... पण लहानपणी माझी खाट इथेच होती."

हाच दुरुस्तीचा आर्किटेक्ट, हे ताईंना तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवसापासून काही ना काही निमित्त काढून ती तिथं डोकावायला लागली, आणि तिचं पाऊल वाजलं की त्याला नेमकी चहाची तल्लफ यायची.

एका दालनाच्या तो दहा खोल्या करत होता. प्रत्येक मुलाला स्वतःचं दार, जाड भिंती, शांतता. लहानपणी त्याला जे जे हवं होतं, ते सगळं त्यानं नकाशात घातलं होतं.

खोल्या तयार झाल्या आणि पहिल्याच रात्री मुलं गाद्या ओढत व्हरांड्यात येऊन झोपली. दुसऱ्या रात्रीही तेच. भिंती पाडून टाका, असं विश्वस्त म्हणायला लागले. त्याचा चेहरा पार उतरला.

तिनं मुलांनाच गाठून विचारलं. जुन्या दालनात दिवे मालवले की पहिल्या खाटेवरून शेजारच्या खाटेवर टकटक व्हायची, तिथून पुढच्या. शेवटपर्यंत पोचली की सगळे झोपायचे. आता भिंतीतून काही ऐकूच येत नव्हतं.

तिनं हे सांगितलं तेव्हा तो शेवटच्या भिंतीवर हात टेकून उभा राहिला.

"माझ्यापर्यंत यायची... आणि संपायची. पुढे द्यायला कुणी नव्हतंच. मला वाटलं, भिंती घातल्या की कुणीच शेवटचं राहणार नाही."

"वेडे आहात झालं," ती म्हणाली आणि तडक सुताराला बोलवायला निघाली.

मग तिच्या सांगण्यावरून सुतारानं सगळ्या खोल्यांच्या उशाशी, भिंतींतून आरपार, एक लांब लाकडी पट्टी बसवली. संध्याकाळी तो शेवटच्या खोलीत थांबला आणि तिनं पहिल्या खोलीतून पट्टी वाजवली.

"आली," त्याची हाक आली.

"मग पुढे द्या की."

"पुढे कोण आहे?"

"देऊन तर बघा," असं म्हणून ती व्हरांड्यातून धावतच आपल्या खोलीत शिरली. तिची खोली शेवटच्या भिंतीला लागूनच होती. पट्टीवर हात ठेवून ती उभी राहिली. किती वेळ काहीच नाही. मग हलकेच, बिचकत — टकटक.

तिनं बोटांनी उत्तर दिलं. पलीकडे काहीतरी धडपडलं, आणि तो दारात येऊन उभा राहिला.

"ही पट्टी... नकाशात इथवर नव्हती."

"मी वाढवून घेतली. तुम्ही मला आवडता, म्हणून."

त्यानं दाराच्या चौकटीवर हलकेच टकटक केली. त्या रात्री मुलं आपापल्या गाद्या उचलून खोल्यांत गेली, आणि व्हरांड्यात फक्त ही दोघं उरली.