दुसऱ्याच होडीला पडलेलं भोक

ड्रिलचा आवाज ऐकून ती धावत किनाऱ्याच्या उतारावर आली, तोवर एक अनोळखी तरुण बाबांच्या होडीच्या मागच्या फळीला भोक पाडून मोकळा झाला होता.

"ही आमची होडी आहे," ती म्हणाली.

त्याने हातातला कागद पाहिला, शेजारची होडी पाहिली... "मला निळी सांगितली होती."

"दोन्ही निळ्याच आहेत. आमची तेवढी घासलेली असते."

तो यंत्र बसवणारा मेकॅनिक होता. पार कानापर्यंत लाल झाला.

बाबा काठी टेकत आले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून होडी विकायचं त्यांच्या मनात घोळत होतं. लेकीला समुद्राचं वेड, पण समुद्राचा तळ ठाऊक नसलेल्याच्या हाती ते होडी देणार नव्हते, आणि तळ काही शिकवता येत नाही. सगळं ऐकून मेकॅनिक हळूच म्हणाला, भोक पाडलंच आहे, तर माझ्याकडचं मासे शोधायचं यंत्र इथे बसवतो. तळ दिसेल.

बाबांनी अट घातली. होडी पळत असताना तळ दिसला, तर विकणार नाही.

त्याने भोकात पाणी अडवणारं सीलंट भरलं. इंजिनाच्या पंख्यापासून लांब, फळीच्या खालच्या कडेला तळाचा ठाव घेणारा सेन्सर लावला. ती पाना धरून बसली होती. सेन्सरखाली बुडबुडे आले की यंत्र आंधळं होतं, असं तो सांगत होता. सांगताना पान्याकडे कमी, तिच्याकडे जास्त बघत होता.

होडी पाण्यात गेली, वेग धरला... आणि पडदा कोरा. बाबांनी काठीने किनाऱ्याकडे खूण केली.

होडी पुन्हा वर ओढली. सेन्सर अर्ध्या बोटाने खाली घेताना तो पुटपुटला, "आजवर कधी चुकलो नव्हतो."

"मग आज दोन-दोनदा चुकलात?"

"दुसऱ्या वेळी... कुणीतरी बघत होतं."

ती पाण्याकडे बघायला लागली. ओठ मात्र ऐकेनात.

दुसऱ्या फेरीत बाबा डोळे मिटून पुढे बसले. होडी सुसाट निघाली. "आता खोल जाईल," ते म्हणाले — आणि पडद्यावरची रेघ खाली घसरली. "आता खडक." रेघ वर चढली. मग दरी, मग सपाटी, सपाटीवर मासे दाखवणाऱ्या इवल्या कमानी... बाबा आधी बोलत, यंत्र मागून दाखवी. पाण्याखाली अख्खा मुलूख पसरला होता, आणि इतकी वर्षं तो या म्हाताऱ्या कपाळाआड, तिच्याच घरात जेवत-झोपत होता. मेकॅनिकने नकळत हात जोडले होते. ते पाहिलं आणि तिच्या मनात काहीतरी कायमचं ठरलं.

"होडी तुझी," बाबा लेकीला म्हणाले.

तिने होडी किनाऱ्याकडे वळवली.

"यंत्र चांगलं बसलं," मेकॅनिक म्हणाला. "म्हणजे... आता मला यायला निमित्त नाही."

"निमित्त कुणी मागितलंय? पहाटे पाचला निघते मी." ती थबकली. मग 'तुम्ही' सोडून थेट म्हणाली, "मला तू आवडलास. पण उशीर केलास तर थांबणार नाही."

"थांबेल ती," बाबा डोळे न उघडताच म्हणाले.