रजईतली बॅटरी

मार्च उजाडला तरी छंगसोंगच्या डोंगरातली थंडी काही हलायला तयार नव्हती. अवजारदुरुस्तीची गाडी घेऊन गावोगाव फिरणारी सोल्ही त्या शुक्रवारी सफरचंदांच्या या गावात पोचली ती रस्ता चुकत चुकतच. विचारायला गाडी थांबवली, तर समोर उभा थेग्युन, इथलाच एक सफरचंदाचा बागायतदार! हातात बंद पडलेली, बॅटरीवर चालणारी छाटणीची कात्री.

"देवच पावला," तो म्हणाला. "सकाळी चार फांद्या कापते नि मान टाकते ही."

सोल्हीने बॅटरीला मीटर लावला. एकवीस व्होल्ट, अगदी काठोकाठ भरलेली. कात्री चालवली, तर आकडा धाडकन पंधरावर.

"गारठलीय बिचारी. थंडीत व्होल्टेज पडतं. तिला जरा ऊब द्या."

"आणि मालकाला?"

"मालकाला स्वेटर द्या," ती म्हणाली खरी... पण हसू काही लपलं नाही.

तिची गाडी आता दर शुक्रवारी गावात यायची, आणि पुढचे तीनही शुक्रवार तो हजर. कधी चार्जरची वायर, कधी नुसताच सैल स्क्रू. आणि सोल्ही तरी काय, त्याची पाळी जवळ आली की उगीचच केस सारखे करायची. आज मात्र तिचा इथला शेवटचा शुक्रवार होता. पुढच्या आठवड्यापासून गाडी पलीकडच्या खोऱ्यात. आज तरी हा बोलेल ना?

तो आला, आणि त्याने बॅटरी पुढे केली. फुगून टम्म झालेली!

"कुठे चार्ज केलीत ही?"

"तुम्हीच म्हणालात ना, ऊब द्या... म्हणून घरात, खालून शेकलेली फरशी जिथे सगळ्यात जास्त तापते ना, तिथे. रजईत गुंडाळून. रात्रभर, माझ्या उशाशी."

सोल्हीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बॅटरी अलगद उचलून बाहेर वाळूच्या बादलीत ठेवली.

"अक्कल गहाण टाकलीस का रे? ऊब द्यायची ती काम करताना, कोटाच्या खिशात! चार्ज करायची ती मोकळ्या जागी, गार फरशीवर, आपण जागे असताना, आणि भरली की लगेच काढायची! पेटली असती म्हणजे? घर गेलं असतं, तू गेला असतास... मग मी शुक्रवारची वाट कुणासाठी बघायची?"

बोलून बसली! रांगेतली जमरे आजी फवारणीच्या पंपावर हनुवटी टेकून सगळं ऐकत होती. "पोरी, एक तर त्याला झोडप, नाहीतर त्याच्याशी लग्न कर. पण काय ते लवकर कर बाई, माझा पंप खोळंबलाय."

थेग्युन कानापर्यंत लाल झाला. "स्क्रू... मीच सैल करायचो. काही बिघडलं नाही तर तुम्ही कशा भेटणार? मला तुम्ही आवडता. फार आवडता. पुढच्या शुक्रवारी येऊ का तिकडे? काहीही न बिघडवता?"

"शुक्रवारी नको."

त्याचं तोंड एवढंसं झालं.

"शुक्रवारी मी कामावर असते," आजीचा पंप पुढे ओढत सोल्ही म्हणाली. "रविवारी ये."