साडेशेहेचाळीस किलो ज्वारी

गाडी मधोमध वाकली तेव्हा माणिक भज्यातली मिरची खात होता.

ट्रक वाकलेला त्यानं पाहिला होता. ट्रॉली वाकलेली पाहिली होती. एकदा तर इचोड्याच्या भर बाजारात पोलिसाची सायकल वाकलेली पाहिली होती. पण नेरडीगोंड्याकडून ट्रॅक्टरमागं दोरानं बांधून आलेली, बिनछपराची, दोन सीटांची, बेडकासारख्या डोळ्यांची लाल विलायती गाडी वर्कशॉपसमोरच्या खड्ड्यात उतरते काय, ‘कर्रर्र’ म्हणते काय आणि जुन्या बाजेसारखी मधे झोळ घेते काय... हे नवीन होतं.

गाडीत स्टिअरिंग धरून एक मुलगी बसली होती. शेजारी एक वयस्कर गृहस्थ पेपर वाचत होते. गाडी वाकली, तसं त्यांनी पान उलटलं.

माणिक धावत गेला. मुलीनं त्याच्याकडं पाहिलं आणि किती वाजले हे सांगावं इतक्या शांतपणे म्हणाली, “दार उघडत नाही.”

“छत नाई ना मॅडम. वरून उतरा.”

“दार असताना उडी कशाला मारायची?”

“दार बसून गेलं.”

“मग उठवा.”

वर्कशॉपचे मालक लक्ष्मणराव आतून सगळं ऐकत होते. माणिक आजवर रस्त्यावरच्या प्रत्येक बाईला ‘ताई’ म्हणत आला होता. आज म्हणाला नाही. लक्ष्मणरावांनी तंबाखू मळता मळता याची नोंद घेतली.

माणिकनं ट्रकचा जॅक आणला आणि गाडीच्या पोटाखाली लावला. दांडा हळूहळू फिरवला. गाडीचा झोळ हळूहळू उचलला गेला. दार आणि खांबाच्या मधे उन्हाची एक बारीक रेघ उमटली... रुंद झाली... आणि दार आपसूक उघडलं. टक.

ती दारातून उतरली. रीतसर. पदर सावरला आणि म्हणाली, “पाहा. दारच होतं.”

माणिकला ठसका लागला. भज्यातली मिरची तेवढ्यात लागली, असं त्यानं नंतर लक्ष्मणरावांना सांगितलं.

मुलीचं नाव चारुशीला. नेरडीगोंड्याच्या शाळेत शिकवायची. पेपरवाले तिचे वडील, विठ्ठलराव, तहसीलीतून नुकतेच निवृत्त झालेले पेशकार, म्हणजे साहेबांपुढं लोकांचे अर्ज पेश करणारे. कोळसा खाणीतला एक गोरा इंजिनिअर देश सोडून गेला, तेव्हा त्याची ही गाडी त्यांनी घेतली होती. त्याला बावीस वर्षं झाली. विठ्ठलरावांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती.

“चालवायला कोण घेतो?” ते म्हणाले. “आम्ही बसायला घेतली.”

बावीस वर्षं, दर रविवारी, चिंचेखाली उभ्या गाडीत बसून त्यांनी पेपर वाचला होता. वरून पाऊस पडत होता, खालून गंज चढत होता, आणि मधे विठ्ठलराव अग्रलेख वाचत होते.

माणिकनं दाराखाली स्क्रूड्रायव्हर टोचला. तो बिस्किटात गेल्यासारखा मुठीपर्यंत आत गेला.

“छत असलेली गाडी छतानं तोलते,” तो म्हणाला. “हिले छत नाई. मंग दोन्ही दारांखाली ह्या पोकळ पेट्या असतात, तोच हिचा कणा. तो गंजून पावडर झाला. आता ही गाडी फक्त सवयीनं उभी हाय.”

“दसऱ्यापर्यंत नीट होईल?”

“दसऱ्याले काऊन?”

“दसऱ्याला आम्ही नागपूरला चाललो. केशवदादाकडं, कायमचं. गाडी झाली तर हिच्यातूनच जाऊ. मी चालवीन, तहसीलीच्या जीपच्या ड्रायव्हरकडून शिकले आहे. नाही झाली, तर बाबा म्हणतात, भंगारात.”

माणिकनं गाडीकडं पाहिलं. मग तिच्याकडं. गाडी नीट झाली की ही जाणार. नाही झाली तरी जाणार, फक्त रडत जाणार.

“होईन,” तो म्हणाला. आणि स्वतःवरच नाराज झाला.

माणिक मुधोळकडचा. घरी कापूस, ज्वारी आणि ‘मशिनीच्या मागं कायले लागला’ म्हणणारे काका. त्याचा हात जाड पत्र्यावर बसलेला. ट्रॉलीच्या पत्र्याला कसंही वेल्डिंग करा, तो तक्रार करत नाही. या गाडीचा पत्रा मात्र पापडासारखा. पहिल्याच दिवशी त्यानं एक भोक बुजवायला घेतलं आणि संध्याकाळपर्यंत त्याची तीन केली. मग त्यानं गॅसची बारीक ज्योत घेतली. एक टाका इथं, की थांबायचं. पत्रा निवू द्यायचा. दुसरा टाका वीतभर दूर, मग परत इकडं. घाई केली की पत्रा रुसायचा आणि वाकडा व्हायचा.

चारुशीला शनिवारी-रविवारी बसनं यायची आणि ड्रमवर बसून बघायची.

“एक टाका मारून इतका वेळ काय बघता?”

“थंडा होऊ देऊन राह्यलो.”

“पत्र्याकडं बघा ना मग. माझ्याकडं कशाला?”

“...डोळे थंडे होऊ देऊन राह्यलो.”

“झाले?”

“नाई. वाढून राह्यलं.”

ती हसायची तेव्हा आवाज करायची नाही, नुसते खांदे हलायचे. मग रुमाल पुढं करायची. “नाकाला काजळी लागली आहे, माणिकराव.” इचोड्यात त्याला ‘राव’ कोणीच म्हणत नव्हतं. तो मुद्दाम नाक पुसायचा नाही, म्हणजे पुढच्या शनिवारी तिला परत म्हणावं लागेल.

इंजिन लक्ष्मणरावांनी चालू करून दिलं. पेट्या कापून नव्या बसवल्या, नुसत्या टाक्यांवर. पक्कं वेल्डिंग करण्याआधी दाराच्या फटी जुळवायच्या होत्या, आणि त्या रिकाम्या गाडीत जुळवून चालत नाही. माणसं बसली की गाडी दबते, म्हणून वजन ठेवूनच फट बघायची. विठ्ठलरावांच्या जागी माणिकनं ट्रकचं जुनं डिफरन्शियल, मागच्या चाकांमधला लोखंडी गोळा, ठेवलं. ते तितकंच गंभीर दिसत होतं.

“तुमचं वजन किती, मॅडम?”

“अंदाज घ्या.”

त्यानं अंदाज म्हणून ज्वारीचं पोतं आणलं.

“हे क्विंटलभराचं आहे!”

“...अर्धं करतो.”

“काही करू नका,” ती म्हणाली आणि स्वतः सीटवर जाऊन बसली. माणिक गाडीखाली शिरला. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ त्याच्या छातीवर पडली. त्यानं हॅक्सॉचं पातं लावून फट मोजली. मग ती उतरल्यावर पोत्यात ज्वारी भरत, काढत, भरत तो दुपारभर बसला, आणि शेवटी रेघ तेवढीच झाली. लक्ष्मणरावांनी पोतं काट्यावर टाकलं. साडेशेहेचाळीस किलो. आकडा माणिकनं कोणालाही सांगितला नाही. विचारलंही कोणी नव्हतं.

तेव्हापासून मधल्या वारी तिच्या जागी पोतं बसायचं. श्रावण सुरू होता आणि शेडचा पत्रा गळत होता. ज्वारी भिजली तर वजन बदलणार, म्हणून चारुशीला आपली काळी छत्री पोत्यावर उघडून ठेवून गेली. आता गाडीत एक डिफरन्शियल आणि छत्री घेतलेलं पोतं असे दोघं बसलेले असत, आणि रस्त्यानं जाणारे ट्रकवाले हॉर्न देत.

माणिक पोत्याशी बोलायला लागला. आधी फक्त ‘बसा’ म्हणायचा, मग ‘जेवल्या का?’ इथवर आला.

“पोत्याले ‘जेवल्या का’ म्हणतो हे पोट्टं,” लक्ष्मणरावांनी घरी बायकोला, प्रयागबाईंना, सांगितलं.

“अन् पोतं काय म्हणते?”

“अजून तरी काई नाई.”

एका बुधवारी शाळेला सुट्टी पडली. चारुशीला न सांगता आली. माणिक गाडीखाली होता. लक्ष्मणरावांनी ओठांवर बोट ठेवलं, पोतं अलगद उचललं आणि तिला बसायची खूण केली. गाडी जराशी हलली, रेघ रुंद झाली, परत होती तेवढी झाली. पोतं गळतीतून सरकवलं असेल, असं माणिकला वाटलं.

पावसाची सर थांबून ऊन पडलं होतं. रेघ त्याच्या छातीवर येऊन बसली.

“आज लई गुपचूप बसल्या,” माणिक खालून म्हणाला. “बसा. आपले दिवस तरी किती राह्यले? दसऱ्याले तुमची भाकर होईन, प्रयागबाईच्या चुलीवर. ती नागपूरले जाईन. अन् मी ट्रॉल्या करीन.”

रेघ किंचित थरथरली. ट्रक गेला असेल.

“लक्ष्मणराव म्हणते, मी पोत्याशी बोलतो. बोलतो! पोतं कधी म्हणत नाई, नाकाले काजळी लागली म्हणून. पन पोत्याचा एक दोष हाय. रुमाल देत नाई.”

रेघ हलली. लागोपाठ दोनदा, तीनदा, खांदे हलावेत तशी. रस्त्यावर ट्रक नव्हता.

माणिकच्या हातातलं पातं थांबलं. आतापर्यंत त्यानं गाडीखाली साप पाहिला होता, मांजरीची पिल्लं पाहिली होती. पण ज्वारी हसलेली पाहिली नव्हती.

खोकता आलं असतं. ‘पाना द्या’ म्हणून विषय बदलता आला असता... पण खालून बाहेर पडायला एकच वाट होती आणि ती तिच्या समोरूनच जात होती. त्यानं डोळे मिटले.

“एक सांगतो, पोतंबाई,” तो हळू आवाजात म्हणाला. “शेवटचे चार टाके कच्चे ठेवले ना, तर ही गाडी आदिलाबाद यायच्या आधीच वाकते. मंग परत दोर, परत ट्रॅक्टर, परत ती इथंच. तीन दिवस झाले, हाच विचार करून राह्यलो.”

रेघ एकदम स्थिर झाली. श्वासही नाही.

“पन नाई ठेवत. पक्के मारतो. त्याच्यावर ती बसणार हाय... तिले घेऊन गाडी वाकली तर मले चालत नाई. ती गेली तर चालन.” तो थांबला. “म्हणजे, तेही चालत नाई. पन गाडी चालन.”

छत्रीवरून एक थेंब घरंगळला.

“पोत्यानं ऐकलं,” वरून आवाज आला.

“...मंग? काय म्हणते पोतं?”

“म्हणतं, टाके पक्केच मारा.” आवाज थोडा ओला होता. “तुम्हाला केव्हा कळलं?”

“तुमी हसल्या तेव्हा. ज्वारी हसत नाई.”

दार उघडलं. टक. दोन पावलं त्याच्या डोक्याजवळ थांबली, घोटाळली आणि बसस्टँडकडं निघून गेली. माणिक तसाच पडून राहिला. फट रुंद झाली होती. रिकाम्या सीटची फट.

दसऱ्याला गाडी दारात उभी होती, झेंडूच्या माळेसकट. एकही टाका कच्चा नव्हता. विठ्ठलराव डिफरन्शियलच्या जागी बसले आणि त्यांनी पेपर उघडला. चारुशीलानं आपट्याचं पान माणिकच्या हातावर ठेवलं आणि बोटं जराशी उशिरा काढली.

“सोनं घ्या. आणखी काही सूचना?”

“एकटीनं चालवू नका. दोन्ही सीटांवर वजन पायजे. नाई तर एका अंगाले झुकते.”

“गाडी?”

“...गाडीच.”

गाडी खड्ड्यात उतरली, चढली, वाकली नाही. पुलापलीकडं लाल ठिपका झाली आणि गेली. आपलं काम इतकं चांगलं झाल्याचं दुःख माणिकला पहिल्यांदाच झालं.

प्रयागबाईंनी पोतं मागितलं. त्यानं दिलं नाही.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तो ट्रॉलीखाली होता, आणि त्याला तो आवाज ऐकू आला. लाल गाडी उलट्या दिशेनं आली, खड्ड्यातून निघाली आणि वर्कशॉपसमोर थांबली. माणिक धावला.

“वाकली?”

“नाही,” चारुशीला म्हणाली. “बाबांना दादाच्या तिसऱ्या मजल्यावर पेपर वाचता येत नाही.”

“अक्षरच लागेना,” विठ्ठलराव पेपरातून म्हणाले. “बावीस वर्षांची सवय. गाडी वर नेता येते का पाहिलं. जिन्याचं माप घेतलं. येत नाही.”

“मंग आता?”

“इचोड्यात दोन खोल्या बघतो आहोत,” चारुशीला म्हणाली. “शाळेला कळवून राजीनामा परत मागितला. बसनं जाईन-येईन.” तिनं रुमाल पुढं केला. “नाकाला काजळी आहे, माणिकराव.”

तेव्हा विठ्ठलरावांनी बावीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. अर्ध्या वाचलेल्या पेपरची घडी घातली आणि दार उघडून सीटवरून उठले.

“तुमच्याबद्दल हिची दरखास्त आमच्यासमोर पेश झाली होती,” ते म्हणाले. “नागपूरला जाता जाता, पुलावर. तिसऱ्या मजल्यावर मंजूर केली. मी चहा घेतो. तोवर ही जागा रिकामी ठेवू नका, गाडी झुकते म्हणे.” आणि दार लावून ते लक्ष्मणरावांकडं चालू लागले.

माणिकनं दारावर हात ठेवला आणि उडी मारून आत जायला पाय उचलला.

“दार असताना?”

त्यानं पाय खाली ठेवला. दार उघडलं, आत बसला, दार ओढलं. टक.

दोघं समोर बघत राहिले. समोर ट्रॉली होती, पण ती छान दिसत होती.

“तुमचं वजन किती हो?” तिनं विचारलं.

“अंदाज घ्या.”

तिचे खांदे हलायला लागले. मग त्याचेही. सवयीनं माणिकनं दाराच्या फटीकडं पाहिलं.

फट जराही हलत नव्हती. टाके पक्के होते.