अडीच वाजताचं रडणं

दुपारी अडीचला फोन टेबलावर थरथरला, तेव्हा तिने तो उलटा करून ठेवला आणि मनात दहापर्यंत आकडे मोजायचं ठरवलं. चारपर्यंतच पोचली, आणि फोन सुलटा केला. 'बाळाची खोली: रडण्याचा आवाज.'

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर रुजू झाली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि तीन आठवड्यांत एक दुपार धड गेली नव्हती. घरी सासूबाई आणि आठ महिन्यांचं बाळ. शिवाय कपाटावर एक पांढरा डबा. घरातले दिवे, पंखे, स्पीकर सगळे त्याच्या ताब्यात. ऑफिसातून त्या डब्यापर्यंत पोचायला व्हीपीएन. ते बसवून देणाऱ्याला घरात सगळे वायरवालाच म्हणत. त्याने समजावलं होतं, "वहिनी, हे म्हणजे तुमच्या फोनपासून घरापर्यंत खणलेलं खासगी भुयार. किल्ली ज्याच्याकडे, तोच आत."

भुयार होतं खरं, पण दार लहरी. कधी नुसतं चाक फिरत राही, कधी 'पुन्हा प्रयत्न करा'. आज चौथ्या खेपेला उघडलं. बाळाच्या खोलीतला दिवा चालू, भर दुपारी. तिने तो बंद केला. आवाजाची लाल रेघ वर वर चढत होती. तिने स्पीकरचं बटण दाबलं. तिनेच गुणगुणून भरून ठेवलेली अंगाई, आणि शेवटी दोन शब्द: "रडू नको राजा, आलेच मी." दोन मिनिटांत रेघ आडवी पडली. रोजच्यासारखी.

मग रोजच्यासारखाच सासूबाईंना फोन.

"आई, बाळ रडत होतं."

"नाही गं. कधीचं झोपलंय."

"दहा मिनिटं रडत होतं. आणि दिवा कोणी लावला?"

"दुपारी दिवा लावायला मला काय वेड लागलंय?"

तिच्या खणात पाळणाघराचा अर्ज भरून तयार होता. उद्या शेवटची तारीख. अर्ज दिला की सासूबाईंना एवढंच सांगायचं होतं, की तुमच्यावर बाळ सोपवत नाही. ते कोणत्या तोंडाने सांगायचं, हे मुलांवरच्या तिने वाचलेल्या तिन्ही पुस्तकांत नव्हतं. सासूबाई टीव्हीपुढे पेंगतात आणि वर साळसूदपणा करतात, असं तिला अर्धा दिवस वाटे. उरलेला अर्धा दिवस वाटे, आपल्याच डोक्याचा एखादा स्क्रू ढिला झालाय.

आज मात्र तिचा तोल गेला.

"आई, तुम्ही आत्ता बाळाजवळ जाऊन उभ्या राहा. मी इथून दिवा लावते."

चपलांची फटफट ऐकू आली, मग दाराची कुरकुर. "लावलास?" सासूबाई कुजबुजल्या.

"लावला की."

"इथे अंधारच आहे. पडदे ओढलेत मी."

"बरं, गाणं लावते. आलं ऐकू?"

"घड्याळ ऐकू येतंय... अगं, तू जेवलीस ना नीट?"

त्या प्रेमळ प्रश्नाने तिचं डोकं आणखीच फिरलं. तिने वायरवाल्याला फोन लावून फैलावर घेतलं. पैसे मोजून घेतलेलं भुयार, आणि दिवा लागत नाही म्हणजे काय? तो पलीकडे बराच वेळ काहीतरी तपासत राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्ही ज्या घरात शिरताय ना, ते हे घर नाहीच."

दीड महिन्यापूर्वी त्यांनी घर बदललं होतं. नव्या घरात नवा डबा आला. जुनं घर अजून विकलं नव्हतं, वीज-इंटरनेटही चालूच होतं. जुना डबा तिथेच राहिला, कारण 'उद्या काढून आणतो' असं नवरा म्हणाला होता, आणि त्याचा उद्या कॅलेंडरात सापडत नसे. तिचा फोन बदलताना नवऱ्यानेच जुन्या घराची किल्ली त्यात उतरवली होती. दोन्हीकडे खोल्यांची नावं तीच, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. तीन आठवडे ती एका कुलूपबंद, रिकाम्या घरात दिवे मालवत होती, अंगाई गात होती.

"मग तिथे रडतंय कोण?" तिने विचारलं.

"कबूतर शिरलं असेल."

"अंगाई ऐकून गप्प बसणारं?"

तो हळूच म्हणाला, "आधी ते बंद करा, वहिनी. भुयार असलं की... दोन्ही तोंडांनी उघडं असतं."

तिने अर्ज फाडून टाकला. घरी गेल्यावर सासूबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, मी तर डॉक्टरला फोन लावणार होते तुझ्यासाठी." नवऱ्याची मात्र तिने अशी हजेरी घेतली की शनिवारी सकाळी तो मुकाट्याने जुन्या घराच्या किल्ल्या घेऊन निघाला.

तीही बरोबर गेली. जुन्या घरात कोंदट वास होता. खिडक्या घट्ट बंद. पीस नाही, काडी नाही. बाळाच्या खोलीत फरशीवर धुळीचा सारखा थर होता. फक्त स्पीकरच्या बरोबर खाली, भिंतीला लागून, एक वाटोळी जागा लख्ख स्वच्छ होती. छोटंसं कोणी रोज तिथे बसत असावं, एवढी.

"ओल आली असेल," नवरा म्हणाला.

"ओलीने धूळ पुसली जाते?"

"मग तूच सांग काय ते." त्याने वायरी ओढून काढल्या आणि डबा, स्पीकर पिशवीत कोंबले. "झालं समाधान?"

जिन्यात तिला पहिल्यांदा सुचलं. त्या खोलीला तिने रोज सांगितलं होतं, आलेच मी. आणि आज ती खरंच येऊन गेली होती.

"पिशवी इथेच टाकून देऊ," ती म्हणाली.

"चांगला चालू डबा? काहीतरीच तुझं." घरी आल्यावर त्याने पिशवी बाळाच्या खोलीतल्या कपाटावर ठेवली. "नंतर बघू."

सोमवारी दुपारी अडीचला फोन थरथरला. 'बाळाची खोली: रडण्याचा आवाज.' किल्ली आता नव्या घराची होती, वायरवाल्याने स्वतः घातलेली. भुयार पहिल्याच खेपेला उघडलं. आजवर असं कधी झालं नव्हतं. तिला बरंच वाटलं. रडतंय तर रडू दे, आपलं स्वतःचं, हक्काचं बाळ रडतंय.

"आई, उठलं वाटतं बाळ?"

"नाही." सासूबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बाळ माझ्या मांडीवर झोपलंय. मी बाहेरच्या खोलीत बसलेय."

"मग..."

"मला ऐकू येतंय गं." दूर, बाळाच्या खोलीच्या दाराआडून बारीक, कंटाळलेलं रडणं फोनमध्ये आलं. "तुझं ते गाणं लाव आधी. नाहीतर हेही उठेल."