बशरीचे उचललेले हात

हात तसेच होते… वर, आकाशाकडे, तळवे उघडे! दुखवट्याच्या मांडवात बसलेल्या चाळीसएक पुरुषांपैकी एकही त्या हातांना उत्तर द्यायला उठला नव्हता, आणि बायकांच्या बाजूने, पडद्याआडून सित्तना ते पाहत होती.

आलेल्याने हात वर करून ‘फातिहा’ म्हणायचं, घरच्यांनी उभं राहून हात वर करून ती प्रार्थना त्याच्यासोबत पुरी करायची… वैऱ्यालाही न नाकारलेली एवढीशी गोष्ट! ती नाकारली की तो माणूस गावाला मेला.

आणि मांडवाच्या तोंडाशी उभा होता बशरी. तिचा धाकटा भाऊ. कालपर्यंत या राज्याचा वाली, म्हणजे राज्यपाल!

“काय वालीसाहेब, झेंड्याची गाडी कुठंय?” कुणीतरी बसल्या जागेवरून विचारलं.

“कालच्या बातम्यांत काढली ना काढून! हवामानाच्या आधी सांगितलं. आता टोमॅटोच्या गाडीतून आलेत.”

“खुर्ची गेली की गाव आठवतं बघ.”

बशरीने हात खाली घेतले नाहीत.

आई त्याला जन्म देऊन गेली तेव्हा सित्तनाच्या मांडीवर तिची स्वतःची बतूल होती, जेमतेम चाळीस दिवसांची. दूध एकापुरतंच होतं… तिने आधी भावाला पाजलं, उरलंसुरलं लेकीला, आणि रोज बतूलचे पाय चिमटीत धरून पाहिले, कालच्यापेक्षा बारीक तर नाहीत ना? भावाने बाळसं धरलं. बतूलचे पाय कधी भरलेच नाहीत. तो बारा वर्षांचा झाला तसं तिनेच त्याला शहरातल्या शाळेत धाडलं. “पोरगा नदी विसरेल,” तिचा नवरा हमदनल्ला म्हणाला होता. “विसरू दे! नदीने चिखलाशिवाय दिलंय काय आपल्याला?” असं तिने फटकारलं होतं. पुढे बशरी शिक्षक झाला, जिल्ह्याचा अधिकारी, मंत्री, राज्यपाल… दर वेळी राजधानीचा हुकूम रेडिओवर वाचला गेला, आणि दर वेळी तिने मेंढा कापून गाव जेवू घातलं!

यंदा नदी अशी चढली की शहर वाचवायचं तर गावाचा बांध फोडावा लागणार होता. बतूलला घेऊन ती त्याच्या कचेरीत गेली, हात जोडले.

“युम्मा,” तो म्हणाला. तो तिला आईच म्हणायचा. “तिकडे दवाखाना आहे, दोन लाख माणसं आहेत. मी गाव राखलं तर लोक म्हणतील, बहिणीचं घर वाचवलं. माझे हात बांधलेत गं… पण माणूस मरू देणार नाही. आधी नगारा वाजवायला लावतो. सगळे वेळेत पळतील!”

सगळे पळालेच… नदीकडे! पुराचा नगारा वाजला की फावडं घेऊन बांधावर धावायचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. राज्यपाल विसरला होता. आणि रडण्याच्या भरात सित्तनालाही त्याची चूक उमगली नाही! उमगली ती परतीच्या वाटेवर, लांबून नगारा ऐकू आला तेव्हा. सत्तरीचा हमदनल्ला सर्वांच्या पुढे होता. बांध त्याच्या पायाखालून गेला. बाकीच्यांना ओढून काढता आलं. तो दुसऱ्या दिवशी बाभळीत अडकलेला सापडला.

“युम्मा, जाऊ नकोस,” बतूलने पडद्याकडे सरकलेल्या आईचा पांढरा पदर धरला. “माझ्या वाटचं दूध प्यायला, आता माझा बापही गिळला. राहू देत हात वर, गळून पडेस्तोवर!”

लेकीचं खरं होतं. शब्दन् शब्द खरा होता… पण त्याच्या गालांवर दाढीचे खुंट वाढलेत, कालपासून पोटात काही नाही, हे सित्तनाला इथून दिसत होतं, आणि ते दिसतंय याचीच तिला भयंकर चीड येत होती!

ती उठली. पडदा सारून पुरुषांच्या बाजूला गेली, जिथे कुठली विधवा कधी जात नाही, आणि भावासमोर उभी राहून तिने हात वर केले.

फातिहा सुरू झाली. आधी गावचा मुखिया उठला. मग एकेक करून सगळे.

बशरी तिच्या पायांशी कोसळला. “मी विसरलो गं युम्मा… नगारा कशासाठी वाजतो, तेच विसरलो!”

“तू कसला विसरतोस! मीच विसरायला धाडलं तुला.”

“माफ केलंस?”

“ते जमत नाही रे… ते विचारू नकोस.”

तेवढ्यात उरलंसुरलं गाव राखणाऱ्या उत्तरेच्या बांधावरून नगारा घुमला. मांडव क्षणात रिकामा झाला. बशरी दचकून उठला, आणि त्याची नजर सवयीने गेली ती उंचवट्यावरच्या रस्त्याकडे.

सित्तनाने मांडवाच्या खांबाला टेकलेलं हमदनल्लाचं फावडं उचललं. त्याच्यावरचा चिखल अजून वाळायचा होता. तिने ते भावाच्या हातात दिलं.

“तिकडे नाही, बाळा. नदीकडे.”

तो धावला. पायातल्या शहरी चपला मांडवातच राहिल्या…

पाणी किती चढलंय, कुणाला परत देणार आहे, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिच्याकडे होते ते फक्त दोन तळहात. ते आपसूक वर गेले, आणि काडीसारख्या पायांवर कसाबसा तोल सावरत तिच्या शेजारी बतूलनेही आपले हात वर केले.